कॉलेजांतील संगणकाचा सक्तीचा तास

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे जुन्नर व आंबेगांव या दोन्ही तालुक्यांत घरोघर एकच विषय निघतो. मुलानें कोणत्या शाखेस जावें, मुलीला नारायणगांवास ठेवावें कीं मंचरास, पुण्याच्या वसतिगृहाचा खर्च झेपेल कीं नाहीं, असे प्रश्न पालक शिक्षकांस विचारतात आणि शिक्षकही यथामति उत्तरें देतात. या गडबडींत, पुढें कॉलेजांत गेल्यावर गांठ पडणाऱ्या एका लहानशा विषयाकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. तो विषय म्हणजे संगणकाची प्राथमिक ओळख. कोठें तो कौशल्याचा विषय म्हणून येतो, कोठें मूल्यवर्धनाचा म्हणून, तर कोठें निराळ्या प्रमाणपत्राच्या रूपानें येतो. परंतु पुष्कळ ठिकाणीं तो घ्यावाच लागतो, त्याची हजेरी भरावी लागते, आणि त्यांत उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढची वाट मोकळी होत नाहीं. या सक्तीच्या तासाविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होतें.

आमच्या हायस्कुलांतून कॉलेजांत गेलेले विद्यार्थी दिवाळीच्या सुटींत भेटावयास येतात, तेव्हां या तासाबद्दल दोन गाऱ्हाणीं ऐकूं येतात. पहिलें असें कीं, "यंत्राचा पडदा कोणता, कीबोर्ड कोणता, माऊस कसा धरावा, हें सांगण्यांत पंधरवडा गेला. आम्हांला तें सहावीपासून येत होतें. हजेरी हवी म्हणून जांभया देत बसलों." दुसरें गाऱ्हाणें याच्या अगदीं उलट असतें. "तास झाले, परीक्षा झाली, प्रमाणपत्रही मिळालें, पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा झाला कीं अजून दुकानदारापुढेंच जाऊन उभें राहावें लागतें." पहिलें गाऱ्हाणें करणारे बहुधा बाजारपेठेच्या गांवचे असतात, दुसरें करणारे बहुधा पश्चिमेकडील डोंगरी भागांतले.

वरवर पाहतां हीं दोन गाऱ्हाणीं परस्परविरुद्ध आहेत. एकाच्या मतें वर्ग फार सोपा, दुसऱ्याच्या मतें तो अपुरा. परंतु नीट विचार केला असतां दोहोंच्या मुळाशीं एकच दोष आहे, असें दिसून येईल. विद्यार्थ्याला काय येतें हें मोजण्याऐवजीं तो किती तास बसला हें मोजलें जातें, हा तो दोष होय. संगणकाचें ज्ञान सक्तीचें असावें याविषयीं आमचा वाद नाहीं. उलट तें असलेंच पाहिजे, असें आमचें मत आहे. पण सक्ती ज्ञानाची असावी, बाकावर बसण्याची नसावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे, आणि तेंच पुढें सविस्तर मांडीत आहों.

प्रथम ही सक्ती आली कोठून, तें थोडक्यांत सांगूं. इ. स. १९८८ मध्यें पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्यें तिनें 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला; पण सामान्य घरच्या मुलास त्या काळीं संगणकाचें दर्शनही दुर्मिळ होतें. पुढें २००१ मध्यें महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन या संस्थेनें 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम सुरू केला. शासकीय नोकरीस संगणकाचें प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यावर कारकुनी करूं इच्छिणारा तरुण, बढतीची वाट पाहणारा शिक्षक व निवृत्तीकडे झुकलेला तलाठी असे तिघेही एका रांगेंत बसून तो शिकूं लागले. तालुक्याच्या गांवींच नव्हे, तर आठवड्याच्या बाजाराच्या लहान गांवींही त्याचे वर्ग निघाले. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनीं तो अभ्यासक्रम पुरा केला आहे. या वर्गांनीं महाराष्ट्रांतील सामान्य माणसाची यंत्राविषयींची भीति घालविली, हें त्यांचें ऋण आम्ही मान्य करतों. शाळांतूनही संगणकाचा विषय आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या अखेरीस पदवीच्या शिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांतही सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठीं सुचविलेल्या मूल्यवर्धक विषयांत संगणकीय साधनांचा समावेश आहे. तात्पर्य, ही सक्ती कोणा एका प्राचार्याची लहर नव्हे. तिच्यामागें विचार आहे.

परंतु पंचवीस वर्षांपूर्वीं सर्वच विद्यार्थी सारखे अजाण होते, तशी आजची स्थिति नाहीं. नारायणगांव, जुन्नर, आळेफाटा, मंचर, घोडेगांव अशा गांवीं व्यापाऱ्यांच्या, शिक्षकांच्या व सधन बागायतदारांच्या घरीं संगणक आहे. तेथील मुलगा आठवीं-नववींत असतांनाच वडिलांच्या टोमॅटोचा हिशेब तक्त्यांत मांडून देतो, बहिणीच्या लग्नाची पत्रिका स्वतः तयार करतो. उलट आहुप्याच्या खोऱ्यांतून किंवा नाणेघाटाच्या अलीकडील वाड्यांतून आश्रमशाळेंत शिकून आलेली मुलगी पाहा. तिच्या घरीं भातखाचरें आहेत, हिरडा गोळा करण्याचा हंगाम आहे, पण संगणक नाहीं. मोबाईलवर बोलावयाचें तरी कित्येकदां उंच जागीं जाऊन उभें राहावें लागतें. हे दोघे कॉलेजच्या एकाच वर्गांत येतात आणि त्यांना एकच धडा, एकाच गतीनें, एकाच दिवशीं दिला जातो.

मग काय घडतें तें कोणत्याही संगणक-वर्गाच्या दारांत क्षणभर उभें राहिल्यास दिसेल. यंत्रें थोडीं व विद्यार्थी पुष्कळ, म्हणून एका यंत्रापुढें दोघे-तिघे बसतात. ज्याला येतें त्याच्या हातीं माऊस जातो. जिला येत नाहीं ती मागें बसून वहींत उतरून घेते. शिक्षकांनीं सांगितलेली कृति येणारा मुलगा क्षणांत उरकतो आणि उरलेला वेळ मोबाईलवर क्रिकेटचे आंकडे पाहतो. न येणारी मुलगी ती कृति झालेली पाहते, पण स्वतः करीत नाहीं. "मला जरा करूं द्या" असें म्हणण्याचें धैर्य तिला होत नाहीं, कारण आपल्या चुकीनें यंत्र बिघडेल अशी तिला धास्ती असते. तासाअखेर दोघांचीही हजेरी सारखीच लागते. पोहणें शिकविण्यासाठीं साठ मुलांस कुकडीच्या काठावर बसवावें, त्यांतील पोहणाऱ्यांनीं पाण्यांत उतरावें, बाकीच्यांनीं वर्णन लिहून घ्यावें, आणि शेवटीं सर्वांस पोहणारे म्हणून दाखला द्यावा, तसाच हा प्रकार नव्हे काय?

येथें कोणी म्हणेल कीं, आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे. आजच्या मुलांस हा विषय शिकवावयास नकोच. हें मत पालकांत विशेष आढळतें, पण तें आम्हांस मान्य नाहीं. मोबाईल वापरणें व संगणक जाणणें यांत एस. टी. नें प्रवास करणें व एस. टी. चालविणें इतकें अंतर आहे. मोबाईलवर सराईतपणें बोटें फिरविणाऱ्या विद्यार्थ्यांस तीन साध्या गोष्टी विचाराव्या. तूं काल लिहिलेली फाईल कोठें ठेवली आहेस? ती पुन्हां उघडून, दुसऱ्या नांवानें जतन करून, पेन ड्राईव्हवर घेऊन दाखव. पन्नास ओळींच्या तक्त्यांतील रकमांची बेरीज एकेक आंकडा न मिळवितां सूत्रानें करून दाखव. आणि पानभर मराठी मजकूर शुद्ध स्वरूपांत टंकित करून दाखव. या तीन परीक्षांत "आम्हांला सर्व येतें" म्हणणाऱ्यांपैकींही कित्येक अडखळतील. म्हणजे जांभया देणाऱ्या विद्यार्थ्याचें गाऱ्हाणें खरें असलें, तरी तें पुरतें खरें नाहीं. त्याला जें येतें तें त्याला पुन्हां शिकविलें जातें, आणि जें येत नाहीं तें कोणी विचारीतच नाहीं.

मराठी टंकलेखनाची गोष्ट थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे, कारण मराठी शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांस संगणक परका वाटतो याचें एक मोठें कारण तेथें आहे. पूर्वीं संगणकावर मराठी लिहिण्यासाठीं जे फाँट वापरीत, त्यांपैकीं पुष्कळांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरीच्या आकृती बसविलेल्या असत. यंत्राच्या दृष्टीनें तें अक्षर इंग्रजीच राही. फक्त त्याचें चित्र मराठी दिसे. म्हणून तो फाँट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर फाईल उघडली कीं, सुंदर मराठी लेखाच्या ठिकाणीं इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन खिचडी दिसे. युनिकोड या जागतिक पद्धतीनें ही अडचण दूर केली. तिची पहिली आवृत्ति १९९१ मध्यें निघाली व तींत देवनागरीस स्वतःचें स्थान मिळालें. तीनुसार प्रत्येक अक्षरास स्वतंत्र क्रमांक असतो; 'अ' चा क्रमांक २३०९ व 'क' चा २३२५. हा क्रमांक जुन्नरच्या यंत्रांत जो, तोच लंडनच्या यंत्रांत. भारतीय लिपींसाठीं जी इनस्क्रिप्ट नांवाची कीबोर्डाची रचना आहे, तींत स्वर डाव्या हाताखालीं व व्यंजनें उजव्या हाताखालीं येतात. आधीं 'क', मग वेलांटी, अशा उच्चाराच्या क्रमानेंच अक्षर जुळवावें लागतें. वेलांटी दिसते आधीं, पण लिहावयाची नंतर. ज्याला बाराखडी येते त्याला ही रचना थोडक्याच सरावानें साधते. असें असूनही, महाराष्ट्रांतल्या कॉलेजांत संगणकाची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण झालेला मराठी विद्यार्थी आपल्याच भाषेंत सरपंचांस अर्ज लिहावयाचा झाल्यास तो हातानें लिहून त्याचा फोटो काढून पाठवितो! प्राथमिक शिक्षणांत प्राथमिक गोष्ट कोणती, हें ठरवितांना आपण चुकलों आहों, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

हा प्रश्न केवळ कॉलेजांतील कंटाळ्याचा असता, तर वार्षिकाचीं पानें आम्हीं त्यास दिलीं नसतीं. आज आपल्या तालुक्यांतील शेतकऱ्याचा सगळा व्यवहार या यंत्रांत जाऊन बसला आहे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या योजनेंत शेतकऱ्यानें आपल्या शेतांत उभें राहून पिकाची नोंद स्वतः मोबाईलवर करावयाची, असें ठरलें. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावयाचे असतात, आणि २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही साऱ्या राज्यांत ऑनलाइन झाला आहे. नांवाच्या एका अक्षराची चूक, जातीच्या दाखल्याची धूसर प्रत, किंवा आधारशीं न जोडलेलें बँकेचें खातें, एवढ्या कारणानें हक्काची शिष्यवृत्ति अडून राहते. ज्या घरांत हें जाणणारें कोणी नाहीं, तें घर प्रत्येक वेळीं दुकानदारास पैसे देतें, आपला पासवर्ड त्याच्या हवालीं करतें, आणि फोनवर आलेला गुप्त आंकडाही परक्यास सांगून बसतें. पूर्वीं निरक्षर कुळाचा अंगठा सावकार कोणत्याही कागदावर उठवून घेई. आजचा गुप्त आंकडा हा नवा अंगठाच आहे. म्हणून डोंगरांतून आलेल्या त्या मुलीला संगणक खरोखर येणें हें तिच्या एकटीच्या नव्हे, तर तिच्या साऱ्या वाडीच्या हिताचें आहे. आणि तिला न शिकवितां प्रमाणपत्र देणें ही तिची व तिच्या वाडीची फसवणूक आहे.

तर मग करावें काय? आमच्या चार सूचना आहेत, आणि त्यांपैकीं कोणतीही फार खर्चाची नाहीं.

पहिली सूचना अशी कीं, वर्ग सुरू होण्यापूर्वीं पहिल्याच आठवड्यांत प्रत्येकाची अर्ध्या तासाची कृति-परीक्षा घ्यावी. चार उत्तरांपैकीं एक निवडण्याची नव्हे, तर यंत्रापुढें एकटें बसून काम करून दाखविण्याची. वर सांगितलेल्या तीन गोष्टींत चौथी भर घालावी कीं, एखादा संशयास्पद संदेश दाखवून तो खरा कीं फसवणुकीचा, हें कारणासह ओळखावयास सांगावें. यांत जे उत्तीर्ण होतील त्यांस प्राथमिक तासांतून मोकळें करावें. जे होणार नाहींत, त्यांस आपलें उणें कोठें आहे तें कळेल. मग तो मुलगा बाजारपेठेचा असो कीं खोऱ्यांतला, त्याला तासांत बसणें शिक्षा वाटणार नाहीं.

दुसरी सूचना मोकळे झालेल्यांविषयीं आहे. त्यांस अधिक अवघड काम द्यावें, अथवा ज्यांची इच्छा असेल त्यांस मदतनीस नेमावें. ही कल्पना नवी नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख असलेले अँड्र्यू बेल हे पाद्री देशी शाळांतील मुलांस वाळूवर अक्षरें गिरवितांना पाहून ती पद्धत आपल्या शाळेंत घेऊन गेले, आणि थोडें पुढें गेलेल्या मुलांकडून मागच्यांस शिकविण्याची व्यवस्था त्यांनीं लाविली. १७९७ मध्यें त्यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें व पुढें ती पद्धत इंग्लंडांतील शाळांत पसरली. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेंतही धुळाक्षरें गिरविणाऱ्या लहानग्यांवर मोठ्या मुलाची देखरेख असे. मात्र मदतनिसास एक नियम कडकपणें लावावा. त्यानें सांगावें, पण शिकणाऱ्याच्या हातांतील माऊस घेऊं नये. शिकविणाऱ्याचाही यांत लाभच आहे; दुसऱ्यास समजावून सांगतांना आपलेंच ज्ञान कोठें पोकळ आहे तें कळून येतें.

तिसरी सूचना अभ्यासाच्या सामग्रीविषयीं आहे. या वर्गांत परक्या देशांतील काल्पनिक कंपनीच्या विक्रीचा तक्ता मांडावयास देण्यापेक्षां आपल्या तालुक्यांतील सामग्री घ्यावी. कांद्याची पट्टी घ्या. वजन, भाव, हमाली, तोलाई व वाहतूक हे रकाने पाडून शेतकऱ्याच्या हातीं निव्वळ काय उरलें तें काढावयास सांगा. डिंभें व माणिकडोह या धरणांतील पाणीसाठ्याचे रोजचे आंकडे मांडून त्यांचा आलेख काढावयास सांगा. आणि संगणक खरोखर काय करूं शकतो हें दाखवावयाचें असेल, तर फार दूर जावयास नको. आपल्या जुन्नर तालुक्यांतच खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकीं १४ मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटरांत व १६ इंग्रजी 'वाय' च्या आकारांत दूरवर पसरलेल्या. या तबकड्यांनीं टिपलेल्या लहरी एकत्र आणून, प्रत्येक तबकडीची दुसऱ्या प्रत्येकीशीं जोडी लावून, त्यांतून आकाशाचें चित्र तयार करण्याचें काम संगणक करतात. ३० तबकड्यांच्या अशा जोड्या किती होतील? ४३५. हा आंकडा सूत्रानें काढावयास सांगितल्यास तक्त्याचा धडा व खगोलशास्त्राचा धडा एकदमच होईल. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या, सुमारास तेथें भरणारें प्रदर्शन आमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें आहे. परंतु तेथील यंत्राचा व आपल्या वर्गांतील यंत्राचा कांहीं संबंध आहे, ही जाणीव तें पाहणाऱ्या विद्यार्थ्यांस कोण करून देतो?

त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकास नाणेघाट आहे. तेथील गुंफेंत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या सातवाहन राजघराण्याचा लेख कोरलेला असून, यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाईंच्या व नाण्यांच्या संख्या त्यांत आंकड्यांनीं लिहिल्या आहेत. भारतांतील आंकड्यांच्या अत्यंत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. ज्या तालुक्याच्या एका टोकास आंकडे दगडांत कोरले गेले आणि दुसऱ्या टोकास आकाशांतून आलेल्या लहरींचे आंकडे होतात, तेथील मुलांस आंकड्यांचें यंत्र परकें वाटावें, हें आश्चर्य नव्हे काय?

चौथी सूचना परीक्षेची. शेवटची परीक्षाही पहिल्या परीक्षेसारखीच, कृति करून दाखविण्याची असावी. जिला सुरुवातीस कांहींच येत नव्हतें तिला अखेरीस स्वतःचा अर्ज स्वतः भरतां आला, मराठींत एक पत्र टंकित करतां आलें व आपल्या घरचा हिशेब मांडतां आला, तर ती उत्तीर्ण. न आला तर तिला पुन्हां संधि द्यावी, पण खोटा दाखला देऊं नये.

या सूचनांवर कॉलेजकडून कोणता आक्षेप येईल, याची आम्हांस कल्पना आहे. नव्या व्यवस्थेंत एका श्रेयांकास व्याख्यानाचे १५ किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास धरलेले आहेत. मग ज्याला मोकळें केलें त्याचे तास कसे भरावे? हा आक्षेप पोकळ नाहीं. पण तास भरण्यास दुसरें काम नाहीं असें थोडेंच आहे? मदतनिसाचें काम, तालुक्यांतील माहितीचा प्रकल्प, गांवांतील वृद्धांस सातबारा काढून देण्याचें सेवाकार्य, हीं प्रात्यक्षिकेंच आहेत. यंत्रें कमी आहेत हा दुसरा आक्षेप. त्यावर तर आमची सूचनाच उपाय आहे. ज्यांना येतें ते प्राथमिक वर्गांतून उठले कीं, उरलेल्यांस एकेकास एकेक यंत्र मिळण्याचा संभव वाढतो.

याउलट कांहीं विद्यार्थी म्हणतील कीं, हा विषय सरसकट ऐच्छिकच करून टाकावा. तेंही आम्हांस पसंत नाहीं. ऐच्छिक केल्यास तो घेणार कोण? ज्याला आधींच गोडी आहे तो. ज्या मुलीला यंत्राची भीति वाटते ती प्रथम तोच विषय टाळील, आणि जिला सर्वांत अधिक गरज तीच वंचित राहील. येथें सक्ती ही तिला बंधन नसून आधार आहे. घरच्या माणसांनीं "मुलीला कशाला हवें हें?" असें म्हटलें, तर "कॉलेजांत सक्तीचें आहे" एवढें उत्तर तिला पुरेसें होतें.

आतां दोन शब्द आमच्या विद्यार्थ्यांस. व्यवस्था सुधारेल तेव्हां सुधारेल. तोंवर तुमच्यापैकीं कित्येकांस अशा वर्गांत बसावें लागणारच. ज्यांना तो सोपा वाटेल त्यांनीं त्या तासांत डोळे न वळवितां मराठी टंकित करण्याचा सराव करावा. एका सत्रांत तो हातीं बसतो व जन्मभर उपयोगी पडतो. शेजारीं बसलेल्यास येत नसेल, तर त्याच्या हातीं माऊस द्यावा व आपण हात मागें घ्यावा. ज्यांना अवघड वाटेल त्यांनीं मागच्या खुर्चीवर बसून टिपणें उतरून घेण्यांत समाधान मानूं नये. चुकीची कळ दाबल्यानें यंत्र मोडत नाहीं. "मला करूं द्या" हें वाक्य म्हणण्यास शिका. तुमच्या साऱ्या अभ्यासक्रमांत याहून महत्त्वाचें वाक्य थोडेंच असेल.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलांस "प्रमाणपत्र मिळालें का?" असें विचारण्याऐवजीं "करून दाखव" असें सांगावें. घरचा सातबारा काढून दाखव, आजीच्या औषधांचा महिन्याचा हिशेब मांडून दाखव, मामाला मराठींत पत्र लिहून दाखव. जें प्रमाणपत्र घरच्या कामीं येत नाहीं, तें कचेरींतही फार दिवस कामीं येत नाहीं.

शुभवर्तमानांत एका धन्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचली आहे. परदेशीं जातांना त्यानें आपलें द्रव्य चाकरांस वांटून दिलें. एकाला पांच भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणें. परत आल्यावर तुम्ही वाड्यांत किती दिवस हजर होतां, असें त्यानें विचारलें नाहीं. दिलेल्याचें काय केलेंत, तें विचारलें. पांचांचे दहा करणारा व दोहोंचे चार करणारा या दोघांसही त्याची सारखीच शाबासकी मिळाली. ठपका आला तो द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्यावर. आमच्या कॉलेजांनीं संगणकाच्या वर्गांत हाच न्याय ठेवावा, म्हणजे बाजारपेठेच्या मुलाच्या पांचांचे दहा होतील, खोऱ्यांतल्या मुलीच्या एकाचे दोन होतील, आणि कोणाचेंही द्रव्य हजेरीपटाखालीं पुरलें जाणार नाहीं.